माहीत असतं, होत नाही

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याच्या रकान्यात हे वाक्य इतक्या पिढ्या लिहिलं गेलंय की ते वाचून आता कुणी थबकतही नाही. पालक सही करतात, मूल पुस्तक दप्तरात कोंबतं आणि पुढच्या सहामाहीत तेच वाक्य पुन्हा येतं. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या, एका विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईंनी आपली शाळेची सगळी प्रगतिपुस्तकं माझ्यासमोर टेबलावर मांडली. शाई फिकी पडली होती, अक्षरं वेगवेगळी होती, मजकूर मात्र जवळपास एकच. चौथीच्या वर्गशिक्षिकेने तेवढं जरा वेगळं लिहिलं होतं : ‘वर्गात असते, पण नसते.’

त्यांना एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) असल्याचं निदान झालं ते वयाच्या ३८व्या वर्षी. खरं तर त्या मुलाला घेऊन गेल्या होत्या. शाळेने तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टर मुलाबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या : वस्तू हरवतो का, सुरू केलेलं काम अर्धवट टाकतो का, समोरचा बोलत असताना लक्ष भलतीकडे जातं का. उत्तरं देता देता आईच रडायला लागली.

एडीएचडी म्हटलं की आपल्यासमोर पायाला भिंगरी लावलेला, बाकावरून उड्या मारणारा सात-आठ वर्षांचा मुलगा येतो. तो खराच आहे. पण तेवढंच चित्र मनात ठेवल्यामुळे बाकीची फार माणसं नजरेतून सुटतात. म्हणून या बाईंची एक सकाळ जशी त्यांनी सांगितली तशी इथे देते.

साडेसहा वाजलेत. कढईत फोडणीसाठी तेल तापत ठेवलंय, मोहरी हातात आहे. दही काढायला फ्रिजकडे वळल्या तर दारावर चुंबकाखाली अडकवलेलं वीजबिल दिसलं. आज शेवटची तारीख. आत्ताच भरून टाकावं म्हणून फोन हातात घेतला, तर शाळेच्या ग्रुपवर निरोप : आज पांढरा गणवेश. तो कालच मशिनमध्ये टाकला होता, वाळत घालायचा राहिला. धावत मशिनपाशी गेल्या, कपडे काढले, बाल्कनीत गेल्या, तिथे तुळशीला पाणी नाही हे दिसलं. तांब्या आणायला वळल्या आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून धुराचा वास आला. तेल जळालं, बिल राहिलं, गणवेश ओला, मोहरी अजून मुठीतच. सासूबाई म्हणाल्या, “अगं, लक्ष कुठे असतं तुझं?” त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं, लहानपणीही नव्हतं.

या सकाळीत त्यांना ठाऊक नव्हतं असं काहीच नाही. तेल तापवून जाऊ नये, बिल वेळेवर भरावं, कपडे रात्रीच वाळत घालावेत, सगळं माहीत आहे. एडीएचडीची खरी जागा ही आहे. काय करायचं ते माहीत असतं. ते योग्य वेळी, योग्य क्रमाने, शेवटापर्यंत घडवून आणणारी मेंदूतली यंत्रणा कच्ची असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं सांगणं हेच आहे की ही अवस्था मुळात स्वनियमनाची आहे, लक्ष ही तिची वरवर दिसणारी बाजू. मनात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात याला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. तिला स्वयंपाकघराचा ओटा समजा. एडीएचडी असलेल्या माणसाचा ओटा लहान असतो : नवं भांडं ठेवलं की आधीचं एखादं पलीकडे पडतं, आणि पडल्याचा आवाजही होत नाही.

यावर घरोघरी एक बिनतोड वाटणारा प्रतिवाद असतो. “क्रिकेटची आकडेवारी तोंडपाठ आहे, मग सतराचा पाढा का येत नाही?” किंवा “रांगोळी काढायला बसली की चार तास हलत नाही, तेव्हा बरं लक्ष लागतं!” यात लबाडी नसते. जे आवडीचं आहे, नवं आहे किंवा अगदी गळ्याशी आलेलं आहे, तिथे हा मेंदू झटकन पेटतो, इतका की भूक-तहान विसरतो. ज्याचं फळ तीन महिन्यांनी मिळणार आहे अशा कंटाळवाण्या कामाचं बक्षीस त्याला जवळजवळ दिसतच नाही. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन या मेंदूतल्या रसायनांचं काम इथे येतं. लक्ष कमी नसतं, त्याचा नळ आपल्या हाताने सोडता-बंद करता येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं पुस्तक वाचून काढणारी, आणि त्याआधी वर्षभर ते न उघडल्याबद्दल स्वतःला दूषणं देणारी मुलं आपण सर्वांनी पाहिली आहेत.

*

दोष स्वभावाकडून मेंदूकडे सरकायला फार काळ लागला. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण आवर घालता येत नाही, हे त्याचं निरीक्षण अचूक होतं. मात्र त्याने त्याला नाव दिलं ते नैतिक नियंत्रणातल्या दोषाचं. १९३७मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या रुग्णालयात काम करत होते. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मेंदूचं चित्र घेण्यासाठी मणक्यातलं पाणी काढून हवा सोडत, आणि मुलांची डोकी भयंकर दुखत. ते दुखणं थांबावं म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण शिक्षक येऊन सांगू लागले की मुलं बसून गणितं सोडवताहेत. ३० मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांचा अभ्यास ठळकपणे सुधारला. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावं ही गोष्ट सगळ्यांना कोड्यात टाकणारी होती. पुढे १९४४मध्ये सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट हे दुसरं उत्तेजक औषध तयार केलं. त्यांच्या पत्नीचं नाव मार्गरिट, लाडाने रीटा. तिच्यावरून औषध रिटालिन झालं.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९६८ साली या अवस्थेची ओळख निव्वळ बालपणातल्या अतिचळवळेपणाची होती. लक्षाचा मुद्दा मध्यभागी आला तो १९८०मध्ये, आजचं नाव १९८७मध्ये. लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट २०१३मध्ये बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली आणि प्रौढांसाठी वेगळा निकष आला. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेली मराठी माणसं शाळेत होती तेव्हा त्यांच्या शिक्षकांकडे ‘लक्ष देत नाही’ याखेरीज दुसरे शब्दच नव्हते. त्या शिक्षकांवर राग धरण्यात मला अर्थ वाटत नाही. मात्र आजच्या शिक्षकांची गोष्ट वेगळी आहे.

मेंदूविषयी एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये तो प्रसिद्ध केला. एडीएचडी असलेली २२३ मुलं आणि नसलेली तेवढीच मुलं घेऊन त्यांनी मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी वर्षानुवर्षं मोजली. पटलाचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोचायला इतर मुलांना साधारण साडेसात वर्षं लागली, या मुलांना साडेदहा. सर्वांत जास्त उशीर होता तो कपाळामागच्या भागात, जिथून आवर घालणं, क्रम लावणं, थांबणं चालतं. हालचालीचा भाग मात्र किंचित आधीच तयार झाला होता. म्हणजे चालक यंत्र वेळेआधी सज्ज आणि आवरणारा भाग तीन वर्षं मागे! अशा दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहा वर्षांचा संयम मागतो आणि तो न मिळाल्यावर त्याला बोल लावतो.

जुळ्यांवरच्या अभ्यासांतून यातला आनुवंशिक वाटा सुमारे ७४ टक्के निघतो, म्हणजे जवळपास उंचीइतका. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळचं कमी वजन, लहानपणी शरीरात गेलेलं शिसं यांनीही धोका वाढतो. आईच्या लाडाने किंवा चॉकलेटने एडीएचडी होत नाही. मोबाइल लक्ष विस्कटतो हे खरं, पण विशीनंतर फोनमुळे आलेला विस्कळीतपणा आणि बालपणापासूनची ही अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगभरातल्या अभ्यासांत साधारण ५ टक्के मुलांत आणि अडीच टक्के प्रौढांत ती आढळते. साठ मुलांचा वर्ग धरला तर तिघं.

*

मुलींचं काय होतं ते स्वतंत्रपणे सांगायला हवं. चळवळ्या मुलाची तक्रार शाळा पहिल्याच महिन्यात करते. खिडकीबाहेर पाहत गप्प बसलेल्या मुलीचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून कुणी चौकशीही करत नाही. दवाखान्यात मुलांची संख्या मुलींपेक्षा कितीतरी जास्त दिसते. प्रौढ वयात हे अंतर बरंच मिटतं. मधल्या काळात मुली झाकायला शिकतात. तीनदा तपासून दप्तर भरतात, मैत्रिणीची वही उतरवतात, गोड बोलून वेळ मारून नेतात. मग लग्न होतं.

मराठी मध्यमवर्गीय घर चालवणं म्हणजे नेमकं कशाचं काम आहे? सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपतात, गॅस सिलिंडर कधी नोंदवायचा, कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं, मुलाची चाचणी कोणत्या धड्यावर, मटकी आज भिजत घातली तर परवा उसळ. हे सगळं एका बाईने न लिहिता डोक्यात ठेवायचं असतं, आणि ते ठेवणं हाच तिच्या घरंदाजपणाचा पुरावा मानला जातो. म्हणजे जे काम एडीएचडीला सर्वांत अवघड, नेमकं त्याच कामावर बाईची किंमत ठरते. तिच्या हातून मटकी भिजवायची राहिली की कुणी स्मरणशक्तीबद्दल बोलत नाही, संस्कारांबद्दल बोलतात.

पुरुषांत उलट घडतं. त्याच्या किल्ल्या, डबा, आधारकार्ड, बहिणीचा वाढदिवस हे सगळं आधी आई आणि मग बायको सांभाळते. पुरुषाचा एडीएचडी पुष्कळदा घरातल्या बाईच्या डोक्यावर चालतो. शिक्षणासाठी घर सुटलं, आई गेली किंवा संसार मोडला की दोन महिन्यांत सगळं कोलमडतं आणि लोक म्हणतात, अचानक काय झालं याला. अचानक काही झालेलं नसतं. मल्याळम अभिनेते फहाद फासिल यांनी २०२४मध्ये केरळातल्या कोथमंगलमच्या एका कार्यक्रमात सांगितलं की त्यांचं निदान ४१व्या वर्षी झालं. यश मिळालेल्या माणसालाही इतका उशीर लागतो, कारण यश दिसतं, त्यामागची दमछाक दिसत नाही.

ही दमछाकच पुढच्या आजारांचं दार उघडते. प्रौढ माणूस एडीएचडीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे सहसा येत नाही. तो येतो झोप लागत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, जगण्यात राम वाटत नाही म्हणून. चिंता आणि नैराश्य हे एडीएचडीचे नेहमीचे सोबती आहेत. त्यांचा काही भाग समान जनुकांतून येतो, पण काही भाग आपण वाढवलेला असतो. लहानपणापासून दररोज ‘धांदरट’, ‘कामचुकार’, ‘तुझ्यावर काही सोपवायची सोय नाही’ हे ऐकलेला माणूस तिशीत स्वतःविषयी दुसरं काय मानणार? कधी कधी तर चिंता हीच काठी होऊन बसते. या लेखातल्या बाई लोकल चुकू नये म्हणून पाऊण तास आधी स्टेशनवर जाऊन बसत, गॅसचं बटण पाहायला जिना उतरून पुन्हा वर येत. चिंतेवरच्या गोळीने धडधड कमी झाली, पण लोकल चुकायला लागली, कारण त्यांना वेळेवर नेणारी तीच एक गोष्ट होती. मुळातलं निदान झाल्याशिवाय वरचे उपचार अर्धेमुर्धे राहतात ते असे.

तंबाखू, सिगारेट, दारू यांकडे ओढ जास्त असते आणि सोडवणं अवघड जातं. निकोटिन मेंदूला क्षणभर जागं करतं. झोपेची वेळ पुढे सरकते. डेन्मार्कमधल्या सुमारे १९ लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात एडीएचडी असलेल्यांत अकाली मृत्यूचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या आसपास आढळलं, आणि त्यातलं मोठं कारण अपघात. आपल्या रस्त्यांवर हेल्मेटविना दुचाकी हाकणारी तरुण मुलं पाहिली की हा आकडा मला आठवतो. ‘एवढं काय, सगळ्यांनाच विसरायला होतं’ असं म्हणणाऱ्यांनीही तो आठवावा. सगळ्यांनाच कधीतरी विसरायला होतं. त्यापायी नोकरी, नातं आणि जीव सगळ्यांचा जात नाही.

*

निदान रक्ताच्या तपासणीत होत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही नाही. अनुभवी मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सविस्तर मुलाखत घेतात, बालपणाबद्दल आई-वडिलांना किंवा भावंडांना विचारतात, घर आणि शाळा किंवा कचेरी अशा किमान दोन ठिकाणी त्रास होतो का ते पाहतात. थायरॉइड, रक्तक्षय, झोपेत श्वास अडणं, मुलांच्या बाबतीत कमी दिसणं-ऐकू येणं, ही कारणं आधी बाजूला करावी लागतात. समाजमाध्यमांवरच्या रील पाहून ‘मला एडीएचडी आहे’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि डॉक्टरांपैकी काही जण त्यावर वैतागतात. मला वाटतं, रील पाहून शंका येणं वाईट नाही. तिथेच थांबून स्वतःवर शिक्का मारणं वाईट. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाळणी प्रश्नावली आहे, तिचाही उपयोग डॉक्टरांकडे जावं की नाही एवढं ठरवण्यापुरता.

औषधांविषयी आपल्याकडे भीती फार. “मुलाला गुंगीच्या गोळ्या देणार का?” हे आजी-आजोबांचं पहिलं वाक्य. या गोळ्या गुंगीच्या नाहीत. मेथिलफेनिडेट डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन मेंदूच्या पेशींमधल्या फटीत जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. भूक मंदावणं, झोप उशिरा येणं, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं हे त्रास होऊ शकतात, म्हणून मुलांची उंची-वजन मोजत राहावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या आणि १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेलं औषध वर्तनोपचारांपेक्षा सरस ठरलं. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला फरक पुसला गेला होता. उपचार सुरू करणं सोपं, तो वर्षानुवर्षं नीट चालू ठेवणं कठीण, असा मी त्याचा अर्थ घेते.

मेथिलफेनिडेट आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत येतं. त्यामुळे ते मोजक्या दुकानांत मिळतं, आणि लहान गावातल्या माणसाला एका चिठ्ठीसाठी शहर गाठावं लागतं. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी अॅम्फेटामिन गटातली औषधं इथे मिळत नाहीत. तिकडून परत आलेल्या मराठी कुटुंबांना हे विमानतळावरून घरी आल्यावर कळतं. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध तुलनेने सहज मिळतं, पण परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात.

गोळीने लक्ष जागेवर येतं, कपाट आपोआप लागत नाही. त्यासाठी घरात फेरफार करावे लागतात. या बाईंनी काय केलं ते सांगते. किल्ल्यांची खुंटी दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. डाळ-तांदळाचे स्टीलचे डबे काढून काचेच्या बरण्या, कारण झाकणाखालचं दिसत नाही ते त्यांच्यासाठी नसतंच. न्हाणीघरात भिंतीवरचं घड्याळ. वीजबिल आणि हप्ते खात्यातून आपोआप. गॅस पेटलेला असताना ओट्यापासून हलायचं झालं तर आधी बर्नर बंद, मग पाय बाहेर. कंटाळवाणी कागदपत्रं भरताना मैत्रीण व्हिडिओ कॉलवर नुसती समोर असते, तिचं काम ती करते, या आपलं करतात. आणि भिंतीवर कालनिर्णय, ज्याच्या चौकोनांत दूध, इस्त्री, गोळ्या, चाचण्या. कालनिर्णय १९७३पासून आपल्या घरात टांगलेलं आहे, आणि त्याच्या चौकोनांत लिहिण्याला कुणी कधी दुबळेपणा म्हटलेलं नाही. पण सर्वांत मोठा बदल त्यांच्या मते वेगळाच : नवऱ्याने सिलिंडर, सासऱ्यांच्या गोळ्या आणि शाळेचा ग्रुप स्वतःकडे घेतला. मदत म्हणून नव्हे, वाटणी म्हणून.

शाळेतही मोठा खर्च लागत नाही. पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, वह्या वाटण्यासारखं हालचालीचं काम, चांगलं केल्यावर तिथल्या तिथे कौतुक. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला मनाई केली आहे. वर्गासमोर उभं करून वेंधळेपणाची खिल्ली उडवणं यात येतं, हे पालकांना ठाऊक हवं. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळायला १९९६मध्ये सुरुवात झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडीचं नाव नाही. बऱ्याच मुलांत अध्ययन अक्षमता सोबत असते म्हणून त्या दाराने वाट निघते. नुसता एडीएचडी असलेलं मूल मधल्या मध्ये लोंबकळतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि एडीएचडीसाठी कुणी दाखल होत नाही.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक २०२२पासून चालू आहे. मन फार खचलेलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर निदानाची वाट न पाहता तो लगेच लावावा.

आता दवाखान्यांना सांगायचं ते. एडीएचडी असलेल्या माणसाकडून आपण काय मागतो? फोन करून वेळ घ्या, तीन आठवड्यांनी त्याच दिवशी या, जुने कागद शोधून आणा, लांबलचक अर्ज भरा, दर महिन्याला चिठ्ठी नव्याने घ्या. ज्या गोष्टी जमत नाहीत म्हणून तो येतो, त्याच गोष्टी पार केल्याशिवाय तो आत पोचू शकत नाही. दोन भेटी चुकल्या की त्याचं नाव यादीतून जातं आणि नोंदीत लिहिलं जातं : रुग्ण उपचारांबाबत गंभीर नाही. भेटीच्या आदल्या संध्याकाळी एक फोन, त्या दिवशी सकाळी एक संदेश, आणि चुकलेल्या माणसाला न रागावता दिलेली पुढची वेळ, एवढी सोय सरकारी असो वा खासगी, प्रत्येक मानसोपचार विभागाने या वर्षापासून करावी. त्याला नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. स्वागतकक्षातल्या एका माणसाचा रोजचा अर्धा तास लागतो.